लहान मुलांची भूल आणि फुफ्फुसे : मास्क की शिरेतील सुई?

टॉन्सिल, हर्निया, दुभंगलेले ओठ, तिरळेपणा यांसारख्या शस्त्रक्रियांसाठी लहान मुलांना संपूर्ण भूल द्यावी लागते. ही भूल नाकातोंडावर मास्क धरून वायूच्या रूपाने द्यावी, की हाताच्या शिरेत सुई घालून औषधाच्या रूपाने द्यावी, हा प्रश्न वरकरणी केवळ सोयीचा वाटतो. मूल सुईला घाबरते, तेव्हा मास्क बरा, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र ज्या मुलांचा श्वसनमार्ग मुळातच संवेदनशील आहे, त्यांच्या बाबतीत ही निवड फुफ्फुसांच्या सुरक्षिततेशी थेट निगडित असते, असे गेल्या काही वर्षांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

आजच्या काळात निरोगी बालकाला भूल देणे ही अतिशय सुरक्षित प्रक्रिया आहे. तरीही बालकांच्या भुलेत ज्या अडचणी उद्भवतात, त्यांत श्वसनाशी संबंधित अडचणींचे प्रमाण मोठे आहे. युरोपातील ३३ देशांमधील २६१ रुग्णालयांनी केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲप्रिकॉट’ या अभ्यासात भुलेच्या ३१ हजारांहून अधिक प्रसंगांची नोंद घेण्यात आली. त्यांपैकी ५.२ टक्के प्रसंगांत गंभीर स्वरूपाची घटना घडली. श्वसनाशी संबंधित गंभीर घटनांचे प्रमाण ३.१ टक्के होते. यांतील बहुतेक घटना वेळीच उपचार केल्याने निभावून नेता येतात. त्या मुळात घडूच नयेत, यासाठी भुलेचा आरंभ कसा करावा, याला महत्त्व आहे.

भूल देण्याचे दोन मार्ग

जागे मूल पूर्ण बेशुद्ध होईपर्यंतच्या पहिल्या काही मिनिटांना भुलेचा आरंभ म्हणतात. विमानाच्या उड्डाणाप्रमाणे संपूर्ण प्रवासात हा टप्पा सर्वाधिक दक्षतेचा असतो. त्यासाठी प्रामुख्याने दोन पद्धती वापरल्या जातात.

पहिली पद्धत श्वासावाटे भूल देण्याची. यात प्राणवायूमध्ये भुलेच्या औषधाची वाफ मिसळून ती मास्कद्वारे दिली जाते. १९५६ साली प्रत्यक्ष वापरात आलेले हॅलोथेन हे औषध अनेक दशके यासाठी प्रचलित होते. पुढे त्याची जागा सेव्होफ्लुरेनने घेतली. सेव्होफ्लुरेनचा वास उग्र नसतो. रक्तात ते फारसे विरघळत नाही, त्यामुळे मेंदूपर्यंत त्याचा परिणाम लवकर पोहोचतो आणि मूल थोड्याच वेळात झोपी जाते. आयसोफ्लुरेन आणि डेस्फ्लुरेन हीदेखील याच कुळातील औषधे आहेत. परंतु ती श्वसनमार्गाला झोंबत असल्याने मुलांमध्ये भुलेच्या आरंभासाठी वापरली जात नाहीत.

दुसरी पद्धत शिरेवाटे भूल देण्याची. हाताच्या शिरेत बारीक प्लास्टिकची नळी बसवून त्यातून औषध दिले जाते. पूर्वी थायोपेन्टोन हे औषध यासाठी सर्वत्र वापरले जाई. १९८६ मध्ये बाजारात आलेल्या प्रोपोफॉल या दुधासारख्या पांढऱ्या औषधाने ते स्थान घेतले. काही विशिष्ट परिस्थितीत केटामाइनही दिले जाते. शिरेतून दिलेल्या औषधाचा परिणाम मिनिटभरातच होतो.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

या दोन्ही पद्धतींचा फुफ्फुसांवर होणारा परिणाम समजण्यासाठी बालकांच्या श्वसनसंस्थेची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे.

नवजात बालकाच्या फुफ्फुसांत वायुकोशांची संख्या मोठ्या माणसाच्या तुलनेत कितीतरी कमी असते. ती पुढील काही वर्षांत वाढत जाते. बालकाच्या बरगड्या आडव्या आणि लवचिक असतात. त्यामुळे छातीचा पिंजरा फुफ्फुसांना बाहेरच्या बाजूने पुरेसा ताणून धरू शकत नाही. जागेपणी बालक स्नायूंच्या साहाय्याने ही उणीव भरून काढते. भूल देताच स्नायू सैलावतात आणि श्वास सोडल्यानंतर फुफ्फुसांत शिल्लक राहणाऱ्या हवेचा साठा घटतो.

हा साठा म्हणजे शरीराची प्राणवायूची शिल्लक होय. बालकांत ती लवकर घटते आणि खर्च मात्र जास्त असतो. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे तान्ह्या बाळाला मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट प्राणवायू लागतो. श्वास थांबल्यास काय होते, याचे मोजमाप १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात करण्यात आले. भरपूर प्राणवायू देऊनही सहा महिन्यांपर्यंतच्या अर्भकांत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत उतरण्यास सरासरी दीड मिनिटाहून किंचित अधिक वेळ लागला. अकरा वर्षांवरील मुलांत मात्र हा अवधी सहा मिनिटांहून अधिक होता. भूलतज्ज्ञाला अडचण ओळखून ती दूर करण्यासाठी मिळणारा वेळ मूल जितके लहान तितका कमी असतो.

तिसरी बाब श्वसनमार्गाच्या रुंदीची. नळीतील हवेच्या प्रवाहाला होणारा अडथळा तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या आतील अस्तराला चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर व्यास निम्मा होतो आणि संथ प्रवाहातही अडथळा सोळा पटींनी वाढतो. मोठ्या माणसाच्या रुंद श्वासनलिकेत हीच सूज क्वचितच जाणवते. साध्या सर्दीने लहान मूल बेजार का होते, याचे उत्तर या गणितात आहे.

मास्कद्वारे भूल देताना

मास्कच्या पद्धतीचे लाभ निर्विवाद आहेत. मूल जागे असताना सुई टोचावी लागत नाही. पालक जवळ बसू शकतात. मुलाचा स्वतःचा श्वास चालू राहतो. शिवाय सेव्होफ्लुरेन आणि हॅलोथेन ही दोन्ही औषधे श्वासनलिकांच्या भिंतींतील स्नायू सैल करतात. दम्याच्या तीव्र झटक्यात अशा औषधांचा उपचार म्हणूनही उपयोग केला गेला आहे. असे असताना मास्कद्वारे भूल देताना श्वसनाच्या अडचणी अधिक का आढळतात, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

याचे उत्तर औषधाच्या गुणधर्माइतकेच त्याच्या गतीत आहे. वाफेच्या रूपातील औषध श्वासागणिक फुफ्फुसांत, तेथून रक्तात आणि मग मेंदूत पोहोचते. या प्रवासात मूल पूर्ण जागेही नाही आणि गाढ बेशुद्धही नाही, अशा मधल्या अवस्थेतून जाते. या अवस्थेत हातपाय हलतात, श्वास अनियमित होतो आणि घशातील संरक्षक प्रतिक्षिप्त क्रिया अतिसंवेदनशील होतात. लाळेचा एखादा थेंब स्वरयंत्रावर पडला, तरी स्वरतंतू घट्ट मिटून श्वासमार्ग बंद होऊ शकतो. यालाच लॅरिंगोस्पॅझम म्हणतात. अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही व्यवस्था अशा वेळी श्वासच अडवून धरते.

मास्कद्वारे भूल देताना हा मधला टप्पा शिरेतील औषधाच्या तुलनेत लांबतो. त्याच काळात जीभ मागे पडते, टॉन्सिल वाढलेले असल्यास घशातील वाट अरुंद होते आणि छातीत जाणाऱ्या श्वासाचे प्रमाण घटते. अडथळ्यावर मात करण्यासाठी दाबाने प्राणवायू दिल्यास त्यातील काही भाग जठरात शिरतो. जठर फुगले की श्वासपटल वर ढकलले जाते आणि फुफ्फुसांना आणखी कमी जागा उरते.

आणखी एक महत्त्वाची अडचण आहे. मास्कच्या पद्धतीत मूल झोपल्यानंतरच शिरेत नळी बसवली जाते. म्हणजेच लॅरिंगोस्पॅझमची शक्यता ज्या क्षणी सर्वाधिक असते, नेमक्या त्याच क्षणी तातडीचे औषध देण्यासाठी शीर उपलब्ध नसते. जबडा पुढे ओढून धरणे आणि प्राणवायूचा सौम्य दाब देणे हे उपाय बहुतांश वेळा पुरेसे ठरतात. ते अपुरे पडल्यास स्नायूंत इंजेक्शन द्यावे लागते आणि त्याचा परिणाम शिरेतील औषधापेक्षा उशिरा होतो.

शिरेतून भूल देताना

प्रोपोफॉल शिरेतून दिल्यावर मूल त्या मधल्या अवस्थेतून अत्यंत वेगाने पार होते. हे औषध स्वरयंत्राच्या प्रतिक्षिप्त क्रिया दाबते आणि श्वासनलिका आकसण्याची प्रवृत्तीही कमी करते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २००५ साली केलेल्या अभ्यासात भूल दिलेल्या मुलांच्या स्वरयंत्रावर मुद्दाम पाण्याचा सूक्ष्म फवारा देऊन प्रतिक्रिया नोंदवण्यात आली. सेव्होफ्लुरेनखाली स्वरयंत्र बंद होण्याची प्रतिक्रिया अधिक वेळा दिसली. प्रोपोफॉलखाली मात्र खोकल्याची प्रतिक्रिया अधिक होती. खोकला त्रासदायक असला तरी त्यात श्वासमार्ग मोकळा राहतो, हा फरक महत्त्वाचा आहे.

ही पद्धत सर्वस्वी दोषमुक्त आहे, असे मात्र नाही. प्रोपोफॉल देताच अनेक मुलांचा श्वास काही काळ थांबतो. त्या वेळी भूलतज्ज्ञाने मास्क व पिशवीच्या साहाय्याने श्वास देणे आवश्यक असते. औषधाची मात्रा जितकी अधिक, तितका फुफ्फुसांतील हवेचा साठा कमी होतो, असेही शालेय वयापूर्वीच्या मुलांवरील मोजमापांतून दिसून आले आहे. औषध शिरेत जाताना जळजळ होते. सुईच्या भीतीने मूल मोठ्याने रडू लागल्यास घशात स्राव वाढतो आणि पद्धतीचा लाभ काही अंशी हातचा जातो.

दोन्ही पद्धतींत समान असणारा परिणाम म्हणजे फुफ्फुसांचे काही भाग तात्पुरते मिटणे. हवेचा साठा घटल्याने पाठीकडील भागातील लहान श्वासनलिका बंद होतात आणि त्यांच्या पलीकडचे वायुकोश दबतात. शुद्ध प्राणवायू दिला असल्यास तो रक्तात चटकन शोषला जाऊन ही क्रिया वेगाने घडते. श्वास सोडतेवेळी थोडा दाब कायम ठेवल्यास आणि एक-दोन वेळा फुफ्फुसे सावकाश पूर्ण फुगवल्यास मिटलेले भाग पुन्हा उघडतात. निरोगी मुलात शस्त्रक्रियेनंतर ही स्थिती बहुधा आपोआप पूर्ववत होते.

पर्थ येथील अभ्यासांचे निष्कर्ष

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील प्रिन्सेस मार्गारेट बाल रुग्णालयात या विषयावर प्रदीर्घ संशोधन झाले. भूलतज्ज्ञ ब्रिटा फॉन उंगर्न-स्टर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ हजार २९७ मुलांच्या नोंदींचा अभ्यास करून २०१० साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. भुलेच्या काळात सुमारे १५ टक्के मुलांना श्वसनाशी संबंधित लहान-मोठा त्रास झाला होता. या आकड्यात साधा खोकला आणि प्राणवायूची अल्पकाळ झालेली घट यांचाही समावेश आहे, हे लक्षात घ्यावे लागते.

हा त्रास कोणाला होण्याची शक्यता अधिक, हेही या अभ्यासातून पुढे आले. नुकतीच झालेली सर्दी, व्यायामानंतर छातीतून येणारा शिट्टीसारखा आवाज, मागील बारा महिन्यांत तीनपेक्षा अधिक वेळा आलेली धाप, रात्रीचा कोरडा खोकला, इसब, कुटुंबातील दमा वा ॲलर्जीचा इतिहास आणि घरातील व्यक्तींचे धूम्रपान ही त्यांतील प्रमुख लक्षणे व कारणे होत. शिरेतून भूल दिलेल्या मुलांत त्रासाचे प्रमाण मास्कच्या तुलनेत कमी होते. बालकांच्या भुलेतील तज्ज्ञाने भूल दिली असताही ते कमी आढळले.

केवळ नोंदींवरून काढलेल्या निष्कर्षात एक त्रुटी राहते. कोणत्या मुलाला कोणती पद्धत द्यायची, हे डॉक्टरांनी आधीच ठरवलेले असते. त्यामुळे फरक पद्धतीमुळे पडला की मुलांमधील भेदामुळे, हे निश्चित सांगता येत नाही. ही शंका दूर करण्यासाठी त्याच शहरात ३०० मुलांची चाचणी घेण्यात आली. आठ वर्षांपर्यंतच्या आणि वरीलपैकी किमान दोन जोखमीचे घटक असलेल्या मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला शिरेतून प्रोपोफॉल, तर दुसऱ्या गटाला मास्कद्वारे सेव्होफ्लुरेन देण्यात आले.

२०१८ साली ‘ॲनेस्थेसियोलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शिरेतून भूल दिलेल्या १४९ मुलांपैकी ३९ जणांना, म्हणजे २६ टक्के मुलांना श्वसनाचा त्रास झाला. मास्कद्वारे भूल दिलेल्या १४९ मुलांपैकी ६४ जणांना, म्हणजे ४३ टक्के मुलांना तो झाला. केवळ भुलेच्या आरंभीचा काळ पाहिला, तर हा फरक अधिक ठळक होतो. शिरेच्या गटात ११ टक्के, तर मास्कच्या गटात ३२ टक्के मुलांना त्रास झाला.

हे आकडे जोखीम अधिक असलेल्या मुलांचे आहेत. दमा, ॲलर्जी वा अलीकडच्या काळातील सर्दी यांपैकी काहीही नसलेल्या निरोगी मुलाला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. अशा मुलांत अनुभवी हातांनी मास्कद्वारे दिलेली भूल आजही सुरक्षित मानली जाते आणि जगभर नित्य वापरली जाते.

सर्दी बरी झाली, तरी धोका का उरतो?

सर्दीच्या विषाणूंमुळे श्वासनलिकेच्या आतील अस्तराची हानी होते. अस्तराखालील संवेदक मज्जातंतू उघडे पडतात. श्वासनलिका आकसण्याचा संदेश देणाऱ्या मज्जातंतूंवर एरवी असणारे नैसर्गिक नियंत्रणही या काळात शिथिल होते. परिणामी भुलेची वाफ, घशातील स्राव किंवा श्वासनलिकेत घातलेली नळी यांसारख्या लहानशा कारणानेही श्वासनलिका एकाएकी आकसतात. नाक वाहणे थांबले, ताप उतरला, तरी अस्तर पूर्ववत होण्यास आणखी काही काळ जातो.

लॅन्सेटमधील अभ्यासानुसार, सर्दीची लक्षणे शस्त्रक्रियेच्या दिवशी असतील किंवा ती मागील दोन आठवड्यांत होऊन गेली असतील, तर त्रासाची शक्यता वाढते. म्हणून तातडीची नसलेली शस्त्रक्रिया सर्दीनंतर किमान दोन आठवडे पुढे ढकलण्याकडे अनेक भूलतज्ज्ञांचा कल असतो. ताप, पिवळसर कफ किंवा छातीत घरघर असल्यास ती सहसा पुढे ढकललीच जाते.

तथापि, प्रत्येक वेळी पुढे ढकलणे शक्य नसते. शाळेत जाऊ लागलेल्या लहान मुलाला वर्षभरात अनेकदा सर्दी होते. टॉन्सिल सतत सुजणाऱ्या किंवा टाळू दुभंगलेल्या मुलाला तर पूर्ण सर्दीमुक्त काळ मिळणेच कठीण असते. अशा मुलांसाठी पद्धतीची निवड विशेष महत्त्वाची ठरते.

पर्थ येथेच झालेल्या आणखी एका चाचणीत टॉन्सिलची शस्त्रक्रिया होणाऱ्या आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना भुलेपूर्वी सालब्युटामॉल या दम्याच्या औषधाचा श्वासावाटे डोस देण्यात आला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध मिळालेल्या मुलांत श्वसनाच्या त्रासाचे प्रमाण सुमारे २८ टक्के, तर औषधविरहित फवारा मिळालेल्या मुलांत सुमारे ४८ टक्के होते. बहुतेक रुग्णालयांत सहज मिळणाऱ्या स्वस्त औषधाचा हा उपयोग विशेष उल्लेखनीय आहे.

मास्क केव्हा योग्य?

शिरेची पद्धत फुफ्फुसांना तुलनेने सोयीची असली, तरी ती सर्वांसाठी एकमेव उत्तर नव्हे. गुटगुटीत बाळाच्या हातावर शीर सापडणे कठीण असते. दीर्घ आजारामुळे वारंवार सुया टोचून घेतलेल्या मुलाच्या शिरा खराब झालेल्या असतात. तीन-चार प्रयत्न फसल्यावर आक्रोश करणाऱ्या मुलाला भूल देण्यापेक्षा शांतपणे मास्क लावणे केव्हाही हिताचे ठरते.

जन्मजात लहान जबडा किंवा चेहऱ्याची व मानेची विकृती असल्यास बेशुद्धीनंतर श्वासमार्ग हाती लागेल की नाही, याची खात्री नसते. अशा वेळी मुलाचा स्वतःचा श्वास चालू ठेवणारी मास्कची पद्धत अनेक तज्ज्ञ पसंत करतात. शेंगदाण्याचा तुकडा किंवा एखादी बी श्वासनलिकेत अडकलेल्या मुलाबाबतही परंपरेने हाच मार्ग अवलंबला जातो. पिशवीने दाब दिल्यास अडकलेली वस्तू आणखी खोल सरकेल, अशी धास्ती त्यामागे असते.

मास्क आणि सुई यांच्यामधील मार्गही उपलब्ध आहेत. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन यांचे मिश्रण असलेले बधिरतेचे मलम सुमारे तासभर आधी हाताच्या मागील बाजूस लावल्यास सुईची वेदना बरीच कमी होते. आई किंवा वडील शेजारी असणे, गोष्ट सांगणे, मोबाईलवरील चित्रफीत दाखवणे यांमुळेही मूल शांत राहते.

श्वासाकडे लक्ष देण्याचा जुना धडा

भुलेच्या काळात श्वासावर लक्ष ठेवण्याच्या विचाराला भारतातही दीर्घ इतिहास आहे. अमेरिकेत बोस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ईथरचा वापर झाला. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर या १५ वर्षांच्या मुलीचा पायाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मखाली मृत्यू झाला. क्लोरोफॉर्मचा पहिला नोंदलेला बळी ही मुलगी ठरली. अशा मृत्यूंत आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद पुढे अनेक दशके चालला.

या वादाचा निकाल लावण्यासाठी निजामाच्या आश्रयाने हैदराबाद येथे १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग नेमण्यात आले. एडवर्ड लॉरी यांच्या नेतृत्वाखालील या प्रयोगांत रूपाबाई फर्दुनजी यांचाही सहभाग होता. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते. आधी श्वास थांबतो, म्हणून भूल देणाऱ्याने रुग्णाच्या श्वासावर लक्ष एकाग्र करावे, असा निष्कर्ष हैदराबादच्या आयोगांनी काढला. क्लोरोफॉर्म हृदयाचे ठोकेही एकाएकी विस्कळीत करू शकते, हे १९११ साली सिद्ध झाल्याने तो निष्कर्ष अपुरा ठरला. बालकांच्या बाबतीत मात्र श्वासाकडे लक्ष देण्याचा त्यातील आग्रह आजही सार्थ आहे. मुलांमध्ये हृदयक्रिया मंदावण्यामागे अनेकदा आधी निर्माण झालेली प्राणवायूची कमतरता असते.

आज हे लक्ष ठेवण्यासाठी रक्तातील प्राणवायू दाखवणारे पल्स ऑक्सिमीटर आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र उपलब्ध आहे. श्वासमार्ग बंद होताच कार्बन डायऑक्साइडचा आलेख तत्काळ सपाट होतो. प्राणवायूचा आकडा घसरण्यापूर्वीच ही सूचना मिळते. ज्या बालकाकडे दीड मिनिटाचीच शिल्लक आहे, त्याच्यासाठी असे काही क्षण मोलाचे असतात.

पालकांनी कोणती दक्षता घ्यावी?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. या कार्यक्रमांतर्गत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. दुभंगलेले ओठ व टाळू, वाकडे पाऊल, जन्मजात हृदयविकार अशी व्यंगे आढळलेल्या मुलांना पुढील उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयांत पाठवले जाते. यांतील अनेक कुटुंबे दूरच्या गावांतून येतात. मजुरी बुडवून, प्रवासखर्च करून मिळवलेली शस्त्रक्रियेची तारीख हातची जाऊ नये, म्हणून मुलाचा खोकला किंवा परवाचा ताप न सांगण्याचा मोह पालकांना होतो. तो मोह सर्वस्वी समजण्याजोगा असला, तरी मुलासाठी धोक्याचा आहे.

माहिती मिळाल्यास भूलतज्ज्ञाकडे अनेक पर्याय असतात. प्रत्येक वेळी तारीख पुढे जातेच, असे नाही. मास्कऐवजी शीर निवडता येते, सालब्युटामॉल देता येते, शक्य तेथे श्वासनलिकेत नळी घालणे टाळता येते आणि अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलावता येते. माहिती दडवल्यास यांपैकी कोणतीही तयारी होत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत पालकांनी पुढील बाबी आपणहून सांगाव्यात :

- मागील दोन ते चार आठवड्यांतील सर्दी, खोकला किंवा ताप.
- रात्रीचा कोरडा खोकला, खेळताना लागणारी धाप, छातीतून येणारा आवाज.
- मुलाला किंवा जवळच्या नातेवाइकांना असलेला दमा, इसब वा ॲलर्जी.
- झोपेत मोठ्याने घोरणे किंवा श्वास मध्येच थांबणे.
- मुदतीपूर्वी झालेला जन्म, तसेच जन्मानंतर कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवले असल्यास त्याची माहिती.
- घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असल्यास ते.
- मुलाला वा कुटुंबातील कोणाला पूर्वी भुलेचा त्रास झाला असल्यास तो.

दम्याचा पंप चालू असलेल्या मुलाने तो शस्त्रक्रियेच्या दिवशीही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. शस्त्रक्रिया ठरल्यापासून घरात कोणीही धूम्रपान करू नये. उपाशी ठेवण्याच्या वेळा काटेकोरपणे पाळाव्यात. प्रचलित नियमानुसार घन आहार व वरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी बंद केले जाते. काही देशांत पाण्यासाठीची मर्यादा आता एका तासावर आणण्यात आली आहे. पोटात अन्न असल्यास ते भुलेच्या आरंभी उलटून फुफ्फुसांत जाऊ शकते. दुसरीकडे, गरजेपेक्षा अधिक काळ उपाशी ठेवलेले मूल चिडचिडे होते आणि त्याच्या शिराही सापडत नाहीत. म्हणून नेमकी वेळ आपल्या रुग्णालयातूनच विचारून घ्यावी.

मुलाला मास्क लावणार की सुई, हा प्रश्न भूलतज्ज्ञाला विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. तो विचारताना मुलाला कोणते कमी दुखेल, याबरोबरच त्याच्या फुफ्फुसांना कोणते मानवेल, हेही विचारावे. सुईची वेदना क्षणभराची असते. परंतु सर्दी वा दमा असलेल्या मुलासाठी तीच क्षणभराची वेदना पुढील काही मिनिटांचा श्वास सुरळीत ठेवणारी ठरू शकते. हा निर्णय योग्य होण्यासाठी लागणारी सर्वांत महत्त्वाची माहिती कोणत्याही यंत्राकडे नसते. मुलाला रात्री खोकला येतो की नाही, हे त्याच्या घरच्यांनाच ठाऊक असते.